डेलिया हेरटीचं उघडं छप्पर

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी कोलमन लव्हेल शिडी घेऊन आला आणि दुपारच्या चहापर्यंत त्याने डेलिया हेरटीच्या घराचं मागच्या उताराचं सगळं छप्पर उतरवून अंगणात ढीग घातला. जुनं काड काळं पडलं होतं, हातात घेतलं की भुगा व्हायचा. वासे मात्र शाबूत होते. आपल्या निजायच्या खोलीतून थेट आभाळ दिसतं, याची डेलियाला त्या दिवशी गंमत वाटली. पुढे सगळा उन्हाळा ती या गमतीबद्दल स्वतःला बोल लावत राहिली.

"नवं काड कधी चढवणार रे?" तिने खालून विचारलं.

"रविवारी मॅच आहे, मिसेस हेरटी," कोलमन शिडीवरूनच म्हणाला. "रविवारी हरलो की सोमवारी सकाळी मी तुमच्या दारात. हिवाळ्याची काळजी सोडा. शनिवारपर्यंत घर नवं कोरं."

किलव्हारा गावात या बोलण्यात कोणालाच काही वावगं वाटलं नसतं. इथल्या देशी फुटबॉलमध्ये बॉल आडव्या दांडीवरून गेला की एक गुण, खालच्या जाळ्यात गेला की तीन. देशभरची स्पर्धा बाद पद्धतीची होती. एकदा हरलं की पुढच्या मेपर्यंत घरी बसायचं आणि दुसऱ्यांच्या मॅचेस रेडिओवर ऐकून त्यांच्या चुका काढायच्या. या जिल्ह्याचा संघ गेली कित्येक वर्षं पहिलीच मॅच इतक्या नेमाने हरत आला होता, की लोकांनी त्यावर आपलं वर्ष बेतलं होतं. गवतकापणी त्यानंतर, लग्नं त्यानंतर, जळणाचं पीट काढायला दलदलीत जायचं ते त्यानंतर. कोलमन हा संघाचा फुलबॅक, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढचा शेवटचा गडी. पोटापाण्याला तो घरं शाकारायचा. त्याच्या धंद्याचं वर्ष पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं, आणि आजवर एकदाही उशिरा सुरू झालं नव्हतं.

त्या रविवारी जिल्हा जिंकला.

जिंकला म्हणजे समोरच्यांनी सोपे सोपे बॉल दांड्याबाहेर मारले आणि यांचा एक बॉल कोणाच्या तरी गुडघ्याला लागून जाळ्यात गेला. पण जिंकला. सोमवारी कोलमन आला नाही, कारण सोमवारी गावातलं कोणीच कुठे गेलं नाही. मंगळवारी मात्र फेस्टी रुआन आला, खांद्यावर नवी ताडपत्री टाकून. फेस्टी गावातला दुकानदार, दुकानामागच्या दारूगुत्त्याचा मालक आणि फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. तो आणि डेलिया एका बाकावर बसून शाळा शिकले होते. या माणसाने आयुष्यात कोणाला काडेपेटीसुद्धा फुकट दिली नव्हती.

"घे गं, डेलिया. भेट समज."

"ताडपत्री कशाला? कोलमन येतोय ना उद्या?"

"येईल, येईल." फेस्टीने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. "पण सराव आहे. आणि काय आहे, दुसरी फेरी आली ना. आता बघ, इतकी वर्षं आपण मार खातोय. खरं की नाही?"

"खरं."

"यंदा काय बदललं? तेच गडी. तेच बूट. तीच गाढव निवड समिती, मी आहे ना तिच्यात. काल रात्री आम्ही सगळ्यांनी बसून डोकं चालवलं. बदललेली गोष्ट एकच निघाली." आणि त्याने हळूच वर पाहिलं.

"फेस्टी रुआन, तू माझ्या घराबद्दल बोलतोयस?"

"मी काहीच बोलत नाही. मी फक्त वर बघतोय."

डेलियाने त्याला अंगणाबाहेर काढलं. ताडपत्री मात्र ठेवून घेतली, कारण आभाळ भरून आलं होतं. त्या उन्हाळ्यात पाऊस काही जास्त पडला असं नाही. नेहमीइतकाच पडला, म्हणजे रोज पडला.

दुसऱ्या फेरीत बरोबरी झाली. बाद पद्धतीत बरोबरी म्हणजे कोणीच बाद नाही, पुन्हा खेळा. डेलियाच्या मते ही स्पर्धा ज्यांनी काढली त्यांच्यापैकी एकाचंही घर शाकारायचं राहिलं नसावं. पुन्हा खेळले आणि एका गुणाने जिंकले. एव्हाना तिने पलंग स्वयंपाकघरात चुलीजवळ आणला होता, आणि आत निजायच्या खोलीत तीन बादल्या, एक परात आणि नवऱ्याच्या आईने लग्नात दिलेलं सूपाचं मोठं भांडं, अशी मांडामांड केली होती. त्या भांड्याचा इतक्या वर्षांत पहिल्यांदा उपयोग झाला.

एका सकाळी डेअरीच्या वळणावर तिने कोलमनची सायकल अडवली. चाकासमोर उभीच राहिली.

"काड तुझ्या कोठारात पडून आहे. ते ठोकायच्या काटक्या सोललेल्या आहेत. हात तुझ्या अंगाला चिकटलेले दिसताहेत. मग अडलंय कुठे?"

कोलमन चांगला दांडगा माणूस होता. त्याच्या अंगावर धावून येणारे पुढचे गडी ऐनवेळी वाट बदलायचे. पण डेलियासमोर त्याने मान खाली घातली.

"मला तरी कुठे पटतंय, मिसेस हेरटी? पण आम्ही पंधरा जण आहोत. चौदा जणांना पटतंय."

"आणि पंधरावा?"

"पंधरावा मी. मला दिवसा पटत नाही."

"आणि रात्री?"

"रात्री जरा पटतं," कोलमन म्हणाला आणि सायकल उचलून तिच्या बाजूने खांद्यावरून घेऊन गेला.

जिल्ह्यात दुसरे दोघे शाकारणारे होते. एकाने पाठदुखी सांगितली. दुसऱ्याने तिला सरळच विचारलं, "बाई, मला इथेच राहायचंय ना पुढे?"

राहता राहिले धर्मगुरू कॅनन प्रंटी. त्यांनी जूनच्या शेवटच्या रविवारी अंधश्रद्धेवर असं कडक प्रवचन दिलं की मागच्या रांगेतले क्लबवाले बुटांकडे बघत बसले. डेलिया हुरळली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात गेली.

"फादर, आता तुम्हीच कोलमनला सांगा. तुमचं तो ऐकेल."

"शुद्ध अडाणीपणा आहे हा, मिसेस हेरटी. मी उघड म्हणालोय." कॅननसाहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, फळांचा केकही दिला. "देव काय छपराला भोक आहे की नाही ते बघून गोल देतो?"

"तेच तर म्हणते मी."

"मात्र," ते म्हणाले, आणि हा शब्द ऐकताच डेलियाने केक खाली ठेवला, "प्रांताची अंतिम मॅच तोंडावर आली आहे. भोळ्या लोकांची मनं आत्ताच दुखवण्यात काय हशील? अडाणीपणा हळूहळूच घालवावा लागतो. साधारण ऑगस्टपर्यंत." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ताडपत्री नीट आहे ना? म्हणजे, फार घट्ट बांधली नाहीये ना कोणी?"

प्रांताची अंतिम मॅच जिल्ह्याने जिंकली. हरले ते नदीपलीकडचे शेजारी, ज्यांच्याकडून गेली तीस वर्षं यांनी नुसती बोलणी खाल्ली होती. त्या रात्री टेकड्यांवर शेकोट्या पेटल्या. दुसऱ्या दिवसापासून डेलियाकडे माणसं येऊ लागली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून बसगाडी करून आली. अंगणात उभी राहायची, वर बघायची, मान डोलवायची. एका म्हाताऱ्याने विचारलं, "भोक हेच का? मला वाटलं मोठं असेल." डेलियाने त्याला आत नेऊन बादल्या दाखवल्या. त्याने एका बादलीतलं पाणी बाटलीत भरून नेलं.

मग तिने ते केलं, जे या जिल्ह्यात कोणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. देशाच्या उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी देवळात जाऊन समोरच्या संघासाठी मेणबत्ती लावली. आणि केलेलं मनात ठेवायची सवय नसल्यामुळे तशीच पापनिवेदनाच्या जाळीपाशी जाऊन गुडघे टेकले.

"फादर, आपला जिल्हा हरावा अशी मी प्रार्थना केली."

जाळीपलीकडे कॅननसाहेबांची खुर्ची करकरली.

"एकदाच केलीत?" आतून प्रश्न आला.

"दोनदा. आणि मेणबत्ती लावली."

"मोठी की लहान?"

"मोठी."

त्यांनी तिला जे प्रायश्चित्त दिलं, ते एरवी दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळून गेलेल्यांसाठी राखून ठेवलेलं असायचं. बाहेर आल्यावर तिने पाहिलं तर मेणबत्ती विझलेली होती. वारा तर नव्हताच.

डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर जिल्ह्याने उपांत्य मॅचही जिंकली.

सप्टेंबरात वादळ झालं. ताडपत्री सुटली आणि मेंढरांच्या माळावरून फडफडत समुद्राच्या दिशेने निघाली. डेलिया ओरडायच्या आत गावातले वीस-पंचवीस पुरुष तिच्यामागे धावत होते. त्यांनी ती पकडून आणली, दोरखंडांनी बांधली, कोपऱ्यांना दगड टांगले, आणि वाऱ्याने वासे हलू नयेत म्हणून आतून टेकूही दिले. डेलिया दारात उभी राहून बघत होती. एवढ्या माणसांनी एवढ्या वेळात तिचं अख्खं घर शाकारून वर कोंबड्यांचं खुराडंही शाकारलं असतं. काम संपल्यावर फेस्टी घाम पुसत म्हणाला, "बघ, डेलिया, गाव तुझ्यासाठी काय काय करतं."

डेलियाने दार लावून घेतलं. कोट चढवला, सायकल काढली आणि पूल ओलांडून थेट नदीपलीकडच्या जिल्ह्यात गेली.

तिकडे मॅलकी ड्यूगन नावाचा शाकारणारा होता. तो अंगणात बटाटे निवडत बसला होता. तिचं सगळं म्हणणं त्याने न थांबवता ऐकलं.

"थांबा, बाई. कुठलं घर म्हणालात? *ते* घर?"

"ते."

मॅलकी उठून उभा राहिला. टोपी काढली. "काड माझं, काटक्या माझ्या, भाऊ माझे. तुम्ही फक्त शिडीला जागा दाखवा."

अंतिम मॅचच्या रविवारी किलव्हारात चिटपाखरू नव्हतं. आगगाडीने, बसने, ट्रॅक्टरच्या मागे बसून सगळे डब्लिनला गेले होते. कॅननसाहेबांनी देवळातली सकाळची प्रार्थना इतकी भराभर उरकली होती, की डेलिया गुडघ्यांवरून उठेपर्यंत त्यांची गाडी पुलापलीकडे होती. मॅलकी आणि त्याचे दोन भाऊ काड लादलेली गाडी घेऊन आले आणि कामाला लागले. डेलियाने खिडकीत रेडिओ ठेवून आवाज मोठा केला. नुसता आपला, सोबतीला.

मध्यंतराला जिल्हा पाच गुणांनी पुढे होता आणि छपराचा खालचा तिसरा हिस्सा भरला होता.

मॅलकीचा हात भराभर चालत होता. पेंढी लावायची, काटकी वाकवून ठोकायची, पुढची पेंढी. तो शीळ घालत होता. रेडिओवरचा निवेदक आता जरा घाबऱ्या आवाजात बोलू लागला. चार गुण. तीन. डेलियाने मनाशी म्हटलं, योगायोग. निम्म्याच्या वर काड चढलं आणि समोरच्यांचा एक बॉल आडव्या दांडीवरून गेला. दोन गुण. आढ्यापर्यंत काड गेलं. एक गुण. मग बरोबरी. मॅलकीने वरून विचारलं, "बाई, जरा आवाज वाढवता का?" मग समोरचे एका गुणाने पुढे गेले, मिनिटं दोन-तीन उरली होती, आणि छपराला आढ्याजवळ फक्त टोपीएवढी जागा उघडी होती.

"थांबा!" डेलिया ओरडली.

"एकच पेंढी राहिलीय, बाई!"

"थांब म्हणते ना!"

"अहो, पाच महिने तुम्हीच..."

"खाली उतर!" तिने शिडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली. मॅलकी पेंढी छातीशी धरून शिडीला बिलगला. आणि तेवढ्यात रेडिओत एवढा गलका उठला की कोंबड्या पळाल्या. जिल्ह्याच्या कोणीतरी कोपऱ्यातून मारलेला बॉल दांड्यांच्या मधून गेला होता. बरोबरी. शिट्टी. पुन्हा खेळायचं.

मॅलकीने पेंढी गाडीत फेकली, भावांना हाक मारली आणि निघून गेला. डेलिया पायरीवर बसली. फेस्टी रुआन मूर्ख होता हे तिला शाळेपासून माहीत होतं. आपणही त्याच बाकावरच्या, हे आज नव्याने कळलं होतं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला होता.

सोमवारी संध्याकाळी गाव परतलं आणि थेट तिच्या अंगणात जमलं. फेस्टीने मागे जाऊन पाहणी केली.

"टोपीएवढं उघडं राहिलंय," त्याने येऊन सांगितलं. "म्हणून बरोबरी."

"संपूर्ण बंद झालं असतं तर..." कोणीतरी म्हणालं आणि बऱ्याच जणांनी छातीवर क्रूस काढला.

"अगं डेलिया, हे काय केलंस? बरं, झालं ते झालं. आम्ही काढून टाकतो सगळं. तासाभराचं काम."

"हात लावून बघ," डेलिया म्हणाली. तिच्या हातात चुलीतला चिमटा होता.

गर्दीतून कोलमन लंगडत पुढे आला. डोळा सुजलेला, कानाला टाके. त्याने उघड्या जागेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो बाकीचं छप्पर बघत होता.

"हे कुणी केलं?"

"मॅलकी ड्यूगनने."

"नदीपलीकडचा?" कोलमनने शिडी लावली. वर चढला. एक काटकी दोन बोटांनी ओढली तर ती सहज हातात आली. "हे बघा! ही काय ठोकायची पद्धत झाली? आणि वळचण बघा. पहिल्या पावसात पाणी भिंतीत उतरेल. रस्त्याने जाणारे म्हणतील, लव्हेलने केलंय." आणि त्याने काड उपसायला सुरुवात केली. खाली टाळ्या पडल्या. फेस्टीने तर टोपी उडवली.

सगळं उतरवून झाल्यावर कोलमन वरूनच म्हणाला, "आता माझ्या कोठारातलं काड आणा."

"कशाला?" फेस्टी म्हणाला.

"शाकारायला."

जो गोंधळ उडाला, तसा क्रोक पार्कवरही उडाला नसेल. फेस्टी शिडीच्या पायथ्याशी जाऊन विनवायला लागला. "अरे, दोन आठवड्यांवर मॅच आहे! त्यानंतर कर! सोन्याचं कर!"

"फेस्टी, गप्प बैस. सगळा उन्हाळा मी हे भोक घेऊन मैदानात उतरतोय. काल शेवटच्या दहा मिनिटांत मी बॉल बघत नव्हतो, ढग बघत होतो. पश्चिमेला काळं आलं होतं. म्हटलं, आता तिकडे धरला असणार पाऊस आणि ती बाई बादल्या रित्या करत असणार. तेवढ्यात तो लाल केसांचा माझ्या बगलेखालून गेला." त्याने नाक पुसलं. "काड आणा म्हणतो ना."

तो आठवडाभर गाईंचं दूध काढून झालं की संध्याकाळी यायचा आणि अंधार पडेपर्यंत काम करायचा. गाव रोज अंगणात येऊन उभं राहायचं. बोलायचं नाही, नुसतं बघायचं, जसं आजाऱ्याजवळ बसतात तसं. कॅननसाहेबही यायचे, पण जाता जाता, रस्त्यावरून. शनिवारी पुन्हा तेवढीच जागा उरली, आढ्याजवळ, टोपीएवढी. कोलमनने शेवटची पेंढी हातात घेतली आणि खाली पाहिलं.

"मिसेस हेरटी, बंद करू?"

सगळे तिच्याकडे वळले. साठी उलटलेले पुरुष, ज्यांनी जन्मात आपल्या जिल्ह्याला अंतिम फेरीत पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहण्याची खात्री नव्हती. काहींनी टोप्या काढल्या होत्या. फेस्टीचे डोळे चक्क पाण्याने भरले होते. डेलियाला पहिल्यांदाच त्यांची दया आली, आणि दया आल्याचा आणखी वैताग आला.

"बंद कर," ती म्हणाली.

"आणि हरलो तर?" फेस्टीने विचारलं.

"हरलो तर कोरड्यात बसून हरू."

पुन्हा झालेल्या मॅचच्या दिवशी ज्यांना तिकिटं मिळाली नाहीत ते डेलियाच्या स्वयंपाकघरात जमले, कारण तिचा रेडिओ मोठा होता. कॅननसाहेबांना गेल्या खेपेला गारठा लागला होता, म्हणून तेही होते, चुलीजवळच्या खुर्चीत. बाहेर धो धो पाऊस. आत एक थेंब नाही. वर मात्र कोणी पाहत नव्हतं, बरोबरी चाललेली असताना तर नाहीच. डेलिया सोड्याचा पाव कापायला उभी राहिली होती आणि अर्धा कापलेला पाव हातात धरून तशीच राहिली. "पुढे हो, कोलमन! अरे, पुढे हो ना, मेल्या!" हे कोण ओरडतंय म्हणून दोघांनी मागे वळून पाहिलं, तर तीच.

शेवटच्या मिनिटाला कोलमनने समोरच्याकडून बॉल स्वच्छ काढून घेतला. सगळ्या देशाने ऐकलं, स्वच्छ. रेफरीने शिट्टी फुंकली आणि फ्री किक समोरच्यांना दिली. बॉल दांडीवरून गेला. एका गुणाने हरले.

 डेलियाने खांद्यावरचं फडकं रेडिओवर फेकून मारलं.

"आंधळ्या! माणूस आहेस की खांब? तुझ्या घराचं छप्पर उडो! आढ्यापासून वळचणीपर्यंत उडो, आणि शाकारायला कोणी न मिळो तुला!"

सगळ्यांनी चोरून चुलीकडे पाहिलं. कॅनन प्रंटी आपल्या चहाच्या कपात बघत होते.

"आमेन," ते म्हणाले.